चांदपाशाला तीनदा पाडलं

तीन कोटेशनं आलीत.
वारं सुटलंय, म्हणून एकेकावर एकेक वीट ठेवली.
परभणी, वसमत रोड, दुसरा मजला,
स्लॅबवर अजून पाणी सोडलेलं,
आणि मी मुंजाजी गिराम,
बारा वर्षं थापी, नऊ वर्षं ठेकेदारी,
कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा
कुणाकडून घ्यावा म्हणून
पालथ्या घमेल्यावर बसलेलो.

विटेची पारख येते मला.
एकीवर एक आपटली की आवाज सांगतो, भाजली किती.
सिमेंटच्या गोणीत हात घातला की गारवा कळतो.
सळई वाकवून बघता येते.
कागद कशावर आपटायचा?

तेव्हा चांदपाशाला हाक मारली.
दोन वर्षांमागं जिंतूर रोडच्या साइटवर
सेंट्रिंगची फळी उलटली,
हा सतरा फुटांवरून खाली आला.
उजवा हात कोपरातून परत सरळ झाला नाही.
आता गोण्या मोजतो, मोटार चालू-बंद करतो,
रात्री साइटवरच झोपतो.
म्हटलं, बस. आज तुला कागदावर पाडून बघायचंय.
हसला.
म्हणाला, आधी खाली वाळू टाका.

पहिली कंपनी. सगळ्यात स्वस्त.
पाडलं.
बारीक अक्षरातलं त्यानंच शोधलं,
डाव्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत:
पोटठेकेदाराची माणसं यात धरलेली नाहीत.
"मी तर गफूरभाईच्या टोळीतला."
म्हणजे थेट जमिनीवर.
वीट उचलली. कागद उडत गेला
शेजारच्या पऱ्हाटीत.

दुसरी. ऑफिस पुण्याला.
फोन लावला तर एक दाबा, भाषेसाठी तीन दाबा,
मग बासरी.
मग परत बासरी.
चांदपाशा म्हणाला,
टेम्पोत सिव्हिलला नेस्तोवर
तुम्ही दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं होतं, मालक.
तीन कशानं दाबलं असतं?

तिसरी महाग.
तिची बाई नांदेडहून स्वतः आली, कल्याणकर मॅडम,
चप्पल हातात घेऊन शिडी चढली.
विचारलं तेवढंच सांगितलं:
अपघात झाला की कुणाला कळवायचं, किती दिवसांत,
दवाखान्याचा खर्च हवा तर वेगळा घ्यावा लागतो,
पोटठेकेदाराची माणसं वेगळी लिहून द्यावी लागतात.
मग तिनं विचारलं, हजेरी काय देता?

"साडेतीनशे."

आपोआप निघालं तोंडातून.
हप्ता मजुरीवर बसतो, एवढं मला ठाऊक होतं.
चांदपाशा माझ्याकडं बघेना,
वाळूच्या ढिगाकडं बघायला लागला.
पडला त्या दिवशी
त्याची हजेरी सातशे होती.

पाडलं.
या खेपेला झेललं,
पण अर्ध्यालाच.
उरलेला अर्धा
माझ्या जिभेवरून पडला.

मस्टर मागवलं.
चौदा गडी नावानिशी.
त्याखाली एका ओळीत: बाया, ६.
मॅडम पेन धरून बसलेल्या. नावं?
जिन्यातून गयाबाई वर येत होती, डोईवर काँक्रीट.
आठ महिन्यांत पहिल्यांदा
मी तिचं आडनाव विचारलं.
"काहून?" म्हणाली,
घमेलं खाली न ठेवता.

सांगितलं. तिनं ऐकून घेतलं,
मग आडनाव सांगितलं,
आणि मागून येणारीचंही, कारण ती लाजायली होती.

हप्ता निघाला माझ्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त.
एका बाथरूमच्या फरशीएवढा.
घासाघीस केली. कमी झालं थोडं, फार नाही.
चेकवर सही करताना हाताला सिमेंट होतं,
मॅडमनी तो पुसून घेतला आपल्या रुमालानं.

दिवे लागताना चांदपाशानं
तिन्ही विटा एका हातानं, तीन खेपा करून,
थप्पीवर नेऊन ठेवल्या.
"चौथी कंपनी हाय का अजून?
असली तर आता दुसरं कुणी बघा पाडायला.
कागद असला म्हून काय झालं,
हाडं दुखायलीत, मालक."